राणी की वांगी

दादाने मागच्या आठवड्यात घरच्या ग्रूपवर एक स्क्रीनशॉट टाकला. दुकानाच्या ग्रूपचा. रात्री ११:४० ची वेळ, एका बाईंचं नाव आणि पुढे ‘लेफ्ट’. हल्ली व्हॉट्सॲपचा ग्रूप गुपचूप सोडता येतो, कळतं ते फक्त ॲडमिनला. पण ॲडमिन दादाच, त्यामुळे पाच मिनिटांत आमच्या एकतीस नातेवाइकांनाही कळलं. खाली दादाचे दोन शब्द : ‘बघा माज.’

मग काय, सुरू झालं. काकांनी लिहिलं, माणसं डोक्यावर बसवून ठेवलीस. आत्याने हात जोडलेलं चित्र टाकलं, ते ती बारशापासून बाराव्यापर्यंत कशावरही टाकते. आणि पुण्याच्या चुलतभावाने नेहमीप्रमाणे माझं नाव घेऊन विचारलं, ‘तुमच्या ऑस्ट्रेलियात चालेल का गं असं?’

या साक्षीचा मला आता मनापासून कंटाळा आलाय. कचरा, रांग, हॉर्न, कशावरही वाद निघाला की मला पिंजऱ्यात उभं करतात. उत्तर त्यांच्या बाजूचं असलं तर ‘बघा, ती तिथे राहते’. नसलं तर ‘तुला काय कळणार, तू तिथे राहतेस’.

आधी प्रकरण सांगते. डोंबिवलीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. चौदा माणसं, त्यातल्या नऊ बायका. ताके ठेवायला मागच्या गल्लीत एक गाळा. बाबांच्या वेळी गिऱ्हाइकाची साडी काखोटीला मारून पोऱ्या त्या गाळ्याकडे पळायचा. पावसाळ्यात साडीला चिखल लागायचा, आणि एकदा एका बाईंची नारायणपेठ हरवली ती हरवलीच. दादाने ग्रूप काढला तो यासाठी. काउंटरवरून पदराचा फोटो जातो, गाळ्यातला मुलगा ताका काढून ठेवतो. आता ट्यूबलाइटखाली फोटोत राणी रंग वांगी दिसतो आणि वांगी काळा दिसतो, म्हणून दिवसातून दहा वेळा ग्रूपवर प्रश्न येतो : ‘राणी की वांगी?’ तेवढं सोडलं तर सोय झकास. मी दादाला तसं म्हटलंही होतं.

पण ग्रूप तेवढ्यावर थांबत नाही, कुठलाच थांबत नाही. आधी सुप्रभात आलं. मग रोजचा गल्ला, कोणी किती विकलं त्याची यादी. मग रात्री साडेअकराला ‘उद्या साडेनऊला या, माल येतोय’, आणि निळी खूण आली नाही त्यांची सकाळी हजेरी. आणि मग सीसीटीव्हीतला एक फोटो. दुपारी तीनची वेळ, दुकान रिकामं, एक बाई स्टुलावर टेकलेल्या, हातात फोन. फोटोखाली दादाचा शेरा : ‘हे काय चाललंय?’ चौदा जणांनी पाहिलं. ग्रूप सोडला तो याच बाईंनी. फोटोच्या दिवशी नाही, नंतर आठवड्याने. त्या बदलापूरहून येतात आणि साडेनऊला शटर पडल्यावर मिळेल ती लोकल पकडतात. फोन त्यांचा म्हणायचा, पण मुलगी दहावीला आहे, शिकवणीचं सगळं त्यावरच. पदरांच्या फोटोंनी तो भरून जायचा आणि मुलगी वैतागायची. हे मला वहिनीने सांगितलं. दादाला माहीत नव्हतं, कारण त्याने विचारलं नव्हतं.

फोनवर तो म्हणाला, ‘अगं, ग्रूप काय मी माझ्या हौसेला काढलाय? त्यांचाच त्रास वाचतो.’

‘त्यांना विचारलं होतंस?’

‘विचारायचं काय त्यात? सगळे असतातच की व्हॉट्सॲपवर.’

आणि मग तो ज्या वाक्यावर नेहमी येतो त्यावर आला, की हे डिसकनेक्टचं फॅड हिंजवडीवाल्यांचं आहे, दुकानात असलं चालत नाही.

फॅड म्हणजे काय, तर सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेलं खासगी विधेयक. कामाची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन न उचलण्याचा, मेल न बघण्याचा हक्क. हेच विधेयक त्यांनी २०१८ मध्येही मांडलं होतं. खासगी विधेयकं क्वचितच मंजूर होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे दादाच्या पोटात गोळा यायचं कारण नव्हतं. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ती चर्चा मी इथून ऐकत होते, तर दर वेळी लॅपटॉप, दर वेळी साहेबाचा मेल, दर वेळी हिंजवडी. साडेनऊची लोकल पकडणाऱ्या बाईच्या फोनवरही साहेब बसलेला असतो, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तिच्याकडे लॅपटॉप नाही म्हणून ती कनेक्टेडच नाही, असा काहीतरी हिशेब.

मग मी साक्ष दिलीच. चालेल का म्हणून विचारलं होतं ना, घ्या. इथे हा हक्क २६ ऑगस्ट २०२४ पासून कायद्यात आहे, आणि बरोबर वर्षाने, २६ ऑगस्ट २०२५ ला, पंधरापेक्षा कमी माणसांच्या धंद्यांनाही लागू झाला. दादाची माणसं चौदा. दुकान इथे मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात असतं तर तोही त्यात आला असता. मालकाने निरोप पाठवायला बंदी नाही, पण कामाच्या वेळेबाहेर तो बघितलाच पाहिजे, उत्तर दिलंच पाहिजे, अशी सक्ती नाही. नकार अवाजवी असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते ठरवताना निरोप कशासाठी होता, माणूस कुठल्या पदावर आहे, त्याच्या घरची परिस्थिती काय, हे सगळं बघतात. महाराष्ट्रात काय झालं? २०१७ च्या दुकान कायद्याची रेघ दहा कामगारांवर होती, त्याहून लहान दुकानं बाहेर. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ती वीसवर न्यायला आणि दिवसाचे नऊ तास दहा करायला मान्यता दिली. म्हणजे जो धंदा इथे कायद्याच्या आत आला, तोच तिथे त्याच सुमारास बाहेर पडला. हे मी घरच्या ग्रूपवर लिहिलं. काकांनी अंगठा दाखवला. वाचलं नसणार.

अमेरिकेतल्या वॉलमार्टचंही लिहिलं. त्यांनी २०२१ मध्ये सात लाख चाळीस हजार कर्मचाऱ्यांना सॅमसंगचे फोन फुकट द्यायचं जाहीर केलं. निरोप, शिफ्टचं वेळापत्रक, एकमेकांशी वॉकीटॉकीसारखं बोलणं, सगळं एका ॲपमध्ये, पण कामाच्या सोयी हजेरी लागल्यावरच चालू. हजेरी संपली की तो नुसता फोन. त्या कंपनीला कामगारांचा फार कळवळा आहे अशातला भाग नाही. घड्याळाबाहेर काम करून घेतलं तर त्याचे पैसे द्यावे लागतात, हे तिला पक्कं ठाऊक आहे. दादाच्या दुकानात त्या साडेअकराच्या निरोपाला किंमत नाही, म्हणून तो जातो.

केरळचं लिहिता लिहिता राहिलं. तिथे कापडाच्या दुकानांतल्या बायकांना नुसतं बसायला मिळावं म्हणून वर्षानुवर्षं भांडावं लागलं, तेव्हा २०१८ मध्ये कायदा बदलला. आमच्याकडे स्टूल आहे, बाबांनी ठेवलेलं. त्यावर बसलं की फोटो निघतो.

आता उरलेली साक्ष. ही घरच्या ग्रूपवर लिहिलेली नाही.

मी काम करते त्या सुपरमार्केटात शिफ्टचं ॲप आलं तेव्हा टी-रूममध्ये मायक्रोवेव्हशेजारी क्यूआर कोड चिकटवला होता. ड्यूटी मॅनेजरने चार-चार जणांना शिफ्टमधूनच बोलावलं, वीस मिनिटं, पगारी. (‘पगारी’ हा शब्द मी दादाला तीनदा ऐकवला.) शिकवायला आमच्यातलेच काही जण निवडले होते, त्यातली मी एक. मला एक पिवळा बिल्लाही मिळाला होता. डेलीत, म्हणजे मांस-चीजच्या काउंटरवर, कैक वर्षं हॅम कापणाऱ्या एक व्हिएतनामी बाई होत्या. साठी ओलांडलेल्या, फोन जुना, घडीचा. त्यांनी हातमोजेसुद्धा न काढता मला सांगितलं, मी बोर्ड बघते. मी म्हटलं, सोपं आहे, सगळे आहेत त्यावर. त्या म्हणाल्या, मी बोर्ड बघते.

दोन आठवड्यांनी बोर्डावरचा रोस्टरचा, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकाचा, कागद निघाला. त्या बाईंची शिफ्ट बुधवारची होती, त्या आल्या गुरुवारी. वर्षानुवर्षांत पहिला खाडा. मॅनेजर वैतागला, आणि मला त्या बाईंचा इतका राग आला की काय सांगू. एवढं समजावलं, एक बटण दाबायचं, त्याला एवढा नकार! तेव्हा माझ्या डोक्यात कुठला शब्द आला होता ते दादाचा स्क्रीनशॉट बघेपर्यंत मी विसरले होते. इंग्रजी नव्हता तो. माजच होता.

पुढे युनियनच्या माणसाने विषय काढला आणि कागद बोर्डावर परत आला. चार ड्रॉइंग पिनांवर अजून आहे. त्याच्यासमोर फक्त त्या बाईच उभ्या राहतात असं नाही, मी बघितलंय, रात्री फळ्या भरणारा निम्मा नाइटफिल आधी कागद बघतो आणि मग फोन. ॲपांचा तरी काय भरवसा? फेसबुकवाल्या मेटाचं ऑफिसांसाठीचं ॲप, वर्कप्लेस, केवढ्या थाटात आलं होतं, ३१ ऑगस्ट २०२५ नंतर ते नुसतं वाचण्यापुरतं उरलं. ड्रॉइंग पिन आहे तशी आहे.

आणि त्या हक्काचं म्हणाल, तर मी पहिली तीन वर्षं कॅज्युअल होते, म्हणजे शिफ्ट मिळेल तेवढंच काम. रात्री अकराला ॲपवर यायचं, ‘उद्या सहा ते दहा, कोणी?’ आणि जो पहिलं बोट लावेल त्याची शिफ्ट. सक्ती कोणाचीच नव्हती. मी फोन उशीखाली घेऊन झोपायचे. आंघोळीला जाताना बेसिनच्या कडेला, आवाज मोठा करून. जादा पगाराची, म्हणजे रविवारची किंवा कप डेच्या (घोड्यांच्या शर्यतीच्या) सुट्टीची शिफ्ट आली तर ओल्या हाताने. बदलापूरच्या बाईंनी रात्री ११:४० ला जे केलं, ते करायची माझी तीन वर्षांत एकदाही छाती झाली नाही. घरी सगळ्यांना वाटतं मी ‘रिटेल ऑपरेशन्स’मध्ये आहे. ते मीच सांगितलंय. खोटं नाहीये. रात्री नऊ ते एक मी मालाच्या चाकांच्या पिंजऱ्यांतून खोकी काढून टोमॅटोचे डबे फळीवर लावते, लेबल समोर करून. बाबांच्या दुकानात ताक्यांची थप्पी लावायचे तशीच, रंग बाहेर करून. आता पर्मनंट आहे, शिफ्ट संपली की ॲपचा आवाज बंद करते, आणि मग घरच्यांना हक्कांवर व्याख्यान देते.

दादाशी शेवटी तडजोड झाली. म्हणजे वहिनीने केली. सुप्रभात बंद, फोटो फक्त पदराचे, आणि दुकानासाठी एक स्वस्तातला फोन, जो रात्री गल्ल्यात राहील. ग्रूप आता काउंटरवरच्या त्या फोनवर आणि गाळ्यातल्या फोनवर. बाकीच्यांना पाहिजे तर राहा, नको तर निघा. दोन दिवसांत आणखी पाच जणी निघाल्या. दादा म्हणाला, बघितलंस, एकीचं बघून सगळ्या. सकाळी लवकर यायचा निरोप बदलापूरच्या बाईंपर्यंत आता कसा जातो? अंबरनाथच्या एक जणी त्यांच्यासोबतच घरी जातात, लेडीज डब्यात. पूर्वीही तसाच जायचा, वहिनी म्हणाली.

एक सांगायचं राहिलं. दुकानाच्या त्या ग्रूपवर मीही आहे. सुरुवातीला दादानेच घेतलं, ‘तू रिटेलवाली, जरा लक्ष ठेव’ म्हणून. आता राहायचं काही कारण नाही, कोणाच्या कामाची नाही मी तिथे. वहिनीने विचारलंसुद्धा, तुला कशाला हवाय तो कटकटीचा ग्रूप, काढू का?

मी म्हटलं, असू दे.

काल शिफ्ट संपवून गाडीत बसले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. कार पार्कात ट्रॉल्यांची रांग आणि माझी गाडी, बाकी कोणी नाही. तिकडे साडेसात, लग्नसराई, दुकानात पाय ठेवायला जागा नसणार. ग्रूप उघडला. गाळ्यात दोन बाय दोनची रुबिया संपत आलीय. मोरपंखी ताक्याचं शेवटचं दीड मीटर. शटरचं कुलूप पुन्हा अडकतंय, तेल घाला. आणि एक फोटो, कोणाच्या तरी हातावर पसरलेला पदर, मागे स्टुलाचा पाय. ‘राणी की वांगी?’

मी फोटो मोठा केला. गाडीतला दिवा लावला. ट्यूबलाइटचा निळा वजा केला, बाबांनी शिकवलं होतं तसा, आणि लिहिलं : ‘वांगी.’

दोन मिनिटांनी काउंटरच्या फोनवरून उत्तर आलं.

‘राणी निघाला ताई. घेऊन गेल्या त्या.’