ईस्टर, इश्तार आणि 'चोरलेला' ओस्टारा

मार्च संपत आला की ती पोस्ट फिरायला लागते. एका बाजूला बॅबिलोनी देवीचं शिल्प, दुसऱ्या बाजूला रंगवलेली अंडी, आणि खाली मजकूर असा: ईस्टर म्हणजे मूळची इश्तार देवी, ससा आणि अंडी ही तिच्या प्रजननशक्तीची चिन्हं, युरोपातले पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे देव मानणारे लोक हजारो वर्षं वसंतसंपाताला, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा, 'ओस्टारा' हा सण करत, चर्चनं तो चोरला आणि येशूच्या नावावर खपवला. चार दावे आहेत. त्यांतला एकही धड टिकत नाही, पण प्रत्येकाची गत वेगळी आहे.

इश्तारचा दावा सगळ्यांत लंगडा. त्याचा सगळा भार इंग्रजी उच्चारावर. पण येशूच्या पुनरुत्थानाचा हा सण इंग्रजीत जन्मलेलाच नाही. ग्रीक आणि लॅटिन बोलणारे ख्रिस्ती त्याला 'पास्खा' म्हणत, आणि तो शब्द आला हिब्रू 'पेसाख'वरून, म्हणजे मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हटलंय त्या यहुदी सणावरून. इटालियन पास्क्वा, स्पॅनिश पास्क्वा, पोर्तुगीज पास्कोआ सगळे तिथलेच. लांब कशाला जा, गोव्यातल्या ख्रिस्ती घरात विचारा; कोकणीत ते 'पास्कांचें फेस्त'च आहे. मग ही इश्तार इराकातून निघून ग्रीक, लॅटिन सगळ्यांना वळसा घालून थेट इंग्लंड-जर्मनीतच कशी उगवली? शिवाय तिचा प्राणी सिंह आणि चिन्ह आठ टोकांचा तारा. बॅबिलोनच्या मिरवणूक-मार्गावरचे चकाकत्या विटांचे सिंह आज बर्लिनच्या संग्रहालयात आहेत. त्यांत ससा शोधून दाखवावा.

ही जोडी लोकप्रिय केली ती अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाद्र्यानं, 1853च्या एका पुस्तिकेत. रोमन कॅथलिक चर्च म्हणजे बॅबिलोनचीच मूर्तिपूजा हे त्याला सिद्ध करायचं होतं. म्हणजे 'चर्चचं पितळ उघडं पाडतो' म्हणून जे ही पोस्ट पुढे ढकलतात, ते प्रत्यक्षात एका कडव्या पाद्र्याचंच प्रवचन वाटत असतात.

'ईस्टर' हे नाव एका देवीवरून आलं यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. बीड या इंग्लिश मठवासी विद्वानानं 725 साली कालगणनेवरच्या ग्रंथात लिहिलं की इंग्लिश लोक एका महिन्याला 'इओस्टुरमोनाथ' म्हणत, कारण त्यात इओस्त्रे देवीचे उत्सव होत. पुढे तेच नाव ख्रिस्ती सणाला चिकटलं. बस, एवढंच. तिच्याबद्दल दुसरा समकालीन उल्लेख नाही. बीडच्या मजकुरात ससा नाही, अंडं नाही, संपातही नाही. उलट तिचा महिना साधारण एप्रिलचा. ज्या मार्चमध्ये संपात येतो तो महिना बीडनं ह्रेथा नावाच्या दुसऱ्याच देवीचा म्हणून नोंदवलाय. ह्रेथाबाईंची पोस्ट कुणी कधी फिरवत नाही.

'ओस्टारा' हे देवीचं नाव तर त्याहून पुष्कळ नंतरचं. 1835 साली याकोब ग्रिम या जर्मन भाषा-लोककथा अभ्यासकानं महिन्याच्या जुन्या जर्मन नावावरून अंदाज बांधला की जर्मनांकडेही अशी देवी असावी. जर्मनीत 1958 साली ऱ्हाइनच्या खोऱ्यात 'मात्रोने ऑस्ट्रियाहेने' नावाच्या मातृदेवतांचे दीडशेहून जास्त रोमनकालीन नवसाचे शिलालेख सापडले, त्यामुळे अशा नावाच्या देवतेची शक्यता बळावते हे खरं. पण शक्यता बळावली म्हणून सणाचा तपशील सापडला असं होत नाही.

आता ससा. 1682 साली गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या जर्मन वैद्यानं ईस्टरच्या अंड्यांवर एक लॅटिन प्रबंध लिहिला. त्यात अल्सेस आणि पॅलाटिनेट भागातली गंमत नोंदवलीय: ससा बागेतल्या गवतात, झुडपांत अंडी लपवून जातो असं मुलांना सांगतात, मुलं हुडकत फिरतात आणि मोठी माणसं हसत बघतात. वैद्यच तो, अति अंडी खाऊन पोट बिघडतं हेही सांगायला विसरला नाही. देवीचा मात्र त्यात उल्लेख नाही. ससा हा तिचा प्राणी असावा, हा तर्क आला तो आडोल्फ होल्ट्समान या जर्मन अभ्यासकाच्या 1874 साली छापलेल्या पुस्तकात, आणि देवीनं पक्ष्याचा ससा केला ही गोड गोष्ट त्यानंतरचीच. 'पुरातन' म्हणून फिरणारी गोष्ट आपल्या पणजोबांच्या वयाची निघते.

अंड्यांचं कारण तर स्वयंपाकघरातच आहे. मध्ययुगात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना उपवास ठाऊक नाही. दिवस मोठा होऊ लागला की त्या जास्तच अंडी घालतात. ती साठायची आणि उपवास सुटला की रंगवून वाटली जायची. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या 1290च्या हिशेबात साडेचारशे अंड्यांचे अठरा पेन्स मांडलेले आहेत. नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या मेजावरही रंगीत अंडी असतात, पण त्यासाठी कुणाला कुणाच्या घरी दरोडा घालावा लागत नाही.

आणि चोरी? दुसऱ्या शतकातच ख्रिस्ती लोक पास्खाच्या तारखेवरून आपसात भांडत होते, 325 साली निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेनं त्यात लक्ष घातलं. इंग्लंडात ऑगस्टिनचं धर्मप्रचारक पथक उतरलं 597 मध्ये. ज्यांच्याकडून चोरायचं ते भेटण्याआधीच माल घरात होता.

राहिला 'हजारो वर्षं'चा दावा. आयर्लंडमध्ये लॉक्रू इथल्या एका अश्मयुगीन दगडी थडग्यात संपाताच्या सकाळी ऊन आत शिरून मागच्या शिळेवरच्या कोरीव चिन्हांवर पडतं, आणि ते बघायला आजही लोक जमतात. तेव्हा संपात जुन्या लोकांना ठाऊक होता, यात वाद नाही. पण आजचा ओस्टारा तिथून अखंड चालत आलेला नाही. आठ सणांचं 'वर्षचक्र' बसवलं ते 1950च्या दशकात, इंग्लंडातल्या विक्का आणि द्रुइड या आधुनिक पेगन पंथांच्या मंडळींनी. त्यातल्या वसंतसंपाताला ओस्टारा हे नाव दिलं एडन केली या अमेरिकन पेगननं, 1974 साली, आणि आपणच दिलं हे तो उघड सांगतो. आज विक्का मानणारे त्या दिवशी वेदीवर डॅफोडिल मांडतात, कुंडीत बी पेरतात, उजेड-अंधाराच्या समतोलाचा विधी करतात. त्यांच्यातल्या जाणत्यांना सणाचं वय सांगताना लाज वाटत नाही. ते खोटं वाढवण्याची हौस पोस्टवाल्यांनाच जास्त.

ऑस्ट्रेलियातले पेगन ओस्टारा करतात सप्टेंबरमध्ये, कारण तिथला वसंत तेव्हा. शेजारच्या चर्चमधलं ईस्टर मात्र मार्च-एप्रिलमध्येच, ऐन शरदात.