बायपास म्हटलं की कॅन्सरच?

व्हॉट्सॲपवर हा मजकूर पुन्हा फिरतोय: ‘पित्तनळीचा बायपास कॅन्सरलाच करतात. खड्यांना स्टेंट पुरतो. आणि दुर्बिणीतून घातलेले टाके गळतातच.’

पहिलं विधान साफ चूक. पित्तनळी यकृताकडचं पित्त आतड्यात नेते; तिच्यातली अडलेली जागा टाळून पित्ताला आतड्यात उतरायला नवी वाट करून देणं, एवढाच या बायपासचा अर्थ. नळीत पुन्हापुन्हा धरणारे खडे, नळीचं आकसलेलं तोंड, पित्ताशय काढताना दुखावलेली नळी, यातलं काहीच कॅन्सर नाही. पण शब्द ऐकूनच घरचे हादरतात, फाईल घेऊन कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात, आणि हुडहुडी भरून ताप आला की मग धावपळ.

स्टेंटचं विधान अर्धं खरं, म्हणून जास्त फसवं. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, खडे काढणं हा बहुतेकांसाठी पहिला आणि पुरेसा उपाय. तिथे बायपासचं नावही काढू नये. पण प्लास्टिकचा स्टेंट म्हणजे बारीकसं नळकांडं. साधारण ३ महिन्यांत ते गाळाने तुंबायला लागतं, बदलावं लागतं. विसरलेल्या स्टेंटभोवती तर नवा खडाच धरतो. निरोगी नळी ६-७ मिलिमीटरची. ती १५-२० पर्यंत फुगून खड्यांनी ठासली असेल आणि ईआरसीपी दोनदा फसली असेल, तर आणखी एक स्टेंट म्हणजे तारीख पुढे ढकलणं.

राहिली टाक्यांतून पित्ताची गळती. पोटाला बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून केलेल्या बायपासमध्ये ती होऊ शकते. पोट उघडून केलं तरी होऊ शकते. नळीला एक छेद, शेजारच्या ड्युओडेनमला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला) दुसरा, आणि दोन्ही कडा विरघळणाऱ्या बारीक धाग्याने जोडायच्या. पडद्यावर सगळं मोठं दिसतं, पण लांब दांड्याच्या चिमट्याने गाठ मारायला हात बसलेला लागतो. नळी अरुंद असेल तर हा जोड पुढे आकसतो, म्हणून ती निदान १२ मिलिमीटर तरी रुंद पाहतात. अडचण दिसल्यावर मध्येच पोट उघडणाऱ्या सर्जनला मी तरी नावं ठेवणार नाही.

खरी काळजीची गोष्ट मजकुरात नाहीच. जन्मजात फुगलेल्या नळीला (कोलेडोकल सिस्ट) पूर्वी नुसता बायपास करून फुगा आतच ठेवत. त्या फुग्यात पुढे कॅन्सर होण्याचा धोका राहतो. आता फुगा काढून यकृताकडची नळी आतड्याच्या वळशाला जोडतात. हेही दुर्बिणीतून होतं, लहान मुलांतसुद्धा. घरात कुणाचा लहानपणी असा नुसता बायपास झाला असेल, तर जुने कागद शोधून पोटाच्या सर्जनला दाखवा.