ई-कोर्ट्सवर नाव टाकलं की गुन्हेगारी कुंडली निघते? नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. भाडेकरू असो की होणारा जावई, ई-कोर्ट्सच्या (न्यायालयांतल्या खटल्यांची माहिती देणाऱ्या सरकारी) संकेतस्थळावर नाव टाका, सगळी गुन्हेगारी कुंडली फुकट मिळेल. काहीच आलं नाही तर माणूस स्वच्छ. ई-कोर्ट्सची सोय फार मोलाची आहे. पण या मजकुरावर विसंबून एखादं लग्न मोडू शकतं, म्हणून एकेक दावा तपासू.

'नाव टाका, सगळं मिळेल.' जिल्हा न्यायालयांत पक्षकाराच्या नावाने शोधायचं तर आधी राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल आणि वर्ष निवडावं लागतं. साताऱ्यात शोधाल तर ठाण्यातला खटला दिसणार नाही. प्रत्येक खटल्याला मिळणारा १६ अक्षरं-अंकांचा सीएनआर क्रमांक हाती असेल तर खटला थेट उघडतो, पण तो आधी माहीत हवा. शिवाय नावाचं स्पेलिंग एका अक्षराने बदललं तरी नोंद निसटू शकते.

'नाव आलं म्हणजे गुन्हेगार.' मजकुरात हे स्पष्ट लिहिलेलं नाही, पण वाचणारा तोच अर्थ घेतो, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. यादीत दिवाणी आणि फौजदारी दोन्ही प्रकरणं येतात. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात सगळ्या वारसांना पक्षकार करावं लागतं, त्यामुळे सासरी नांदणारी बहीणसुद्धा प्रतिवादी म्हणून दिसते. चेक न वटल्याच्या खटल्यात ज्याचे पैसे बुडाले त्या फिर्यादीचंही नाव असतं. म्हणून आधी प्रकार पाहा: आर.सी.एस. म्हणजे दिवाणी दावा, आर.सी.सी. म्हणजे फौजदारी खटला. फौजदारी असला तरी माणूस आरोपी आहे की फिर्यादी, खटला चालू आहे की निर्दोष सुटका झाली, हे खटल्याचा तपशील आणि आदेश उघडल्याशिवाय कळत नाही. आणि यादीत फोटो नसतो, वय नसतं. नावासकट आडनाव जुळणारी माणसं आपल्याकडे किती असतात!

'काही आलं नाही तर स्वच्छ.' गुन्हा दाखल होऊन तपास चालू असेल, तर आरोपपत्र येईपर्यंत खटला उभाच राहत नाही. फार तर जामीन अर्ज दिसेल. एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, पण लैंगिक गुन्हे, पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा), दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली आहेत. आरोपपत्रं सरसकट सार्वजनिक करता येणार नाहीत, हे त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. अल्पवयीन मुलांची ओळख तर कायद्यानेच झाकलेली आहे, आणि ती झाकलेलीच राहायला हवी.

या मजकुराच्या जवळ जाणारी माहिती एकाच ठिकाणी मिळते: निवडणुकीतल्या उमेदवाराचं शपथपत्र, नमुना २६. त्यात प्रलंबित फौजदारी खटले आणि झालेल्या शिक्षा त्याला स्वतःच लिहून द्याव्या लागतात, आणि ते कुणालाही वाचता येतं.

बाकी कुणाची खात्री करायची असेल तर त्या व्यक्तीलाच पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणायला सांगा. अर्ज तिनेच करायचा असतो, त्यामुळे तिच्या पाठीमागे काही होत नाही. आणि यादीत नाव सापडलंच, तर ते गटात टाकण्याआधी तिला विचारा.