पाऊस नाही म्हणून पूर नाही? हंपीच्या त्या मेसेजला उत्तर

‘हुशार लोक हंपीला जुलै-ऑगस्टातच जातात’ हा मेसेज इतके दिवस न वाचता सोडून देत होतो. आता आमच्या आत्याने तो वाचून नातवंडांसकट निघायचं ठरवलंय, आणि ‘गोल टोपलीतून नदीत फिरू’ असं पोरांना कबूलही करून बसली आहे. म्हणून हा खटाटोप.

मेसेज म्हणतो : हंपी पर्जन्यछायेत आहे, पावसाळ्यात तिथे फारसा पाऊस नसतो, म्हणून तुंगभद्रा शांत असते. टोपलीतून फिरा, पुरंदरदास मंडपात पाय सोडून बसा. पलीकडच्या ‘हिप्पी आयलंड’वर ३०० रुपयांत झोपडी मिळते. आषाढीला विजय विठ्ठल मंदिरात रांगेशिवाय दर्शन. तिकीट नाही, रखवालदार नाही, संगीताचे खांब हवे तेवढे वाजवा.

हंपीत या दिवसांत पाऊस बेताचाच असतो, एवढं खरं. पण नदी हंपीच्या पावसावर चालत नाही. तुंगा आणि भद्रा दोघी सह्याद्रीत उगम पावतात, शिवमोग्ग्याजवळ कूडलीला एकत्र येतात, आणि तिकडे मलनाडात, म्हणजे कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या डोंगराळ पट्ट्यात, कोसळलेलं पाणी होसपेटच्या धरणात जमतं. हंपी त्या धरणाच्या खालच्या अंगाला. धरण भरलं की दरवाजे उघडतात, मग हंपीत कडक ऊन का पडलेलं असेना. पंढरपुरात थेंब नसताना उजनी-वीरच्या पाण्याने पुंडलिकाचं मंदिर बुडालेलं आपण कितीदा पाहिलंय. तरी हे समजावून सांगावं लागतं! पुरंदरदास मंडप तर काठालाच आहे, मोठा विसर्ग झाला की तो पाण्यात जातो. १० ऑगस्ट २०२४च्या रात्री तर साखळी तुटून धरणाच्या ३३ दरवाजांपैकी १९वा दरवाजाच वाहून गेला आणि बाकीचेही उघडावे लागले. याच ऑगस्टात पोरांना घेऊन टोपलीत बसायला सांगतोय हा शहाणा.

‘हिप्पी आयलंड’ म्हणजे विरूपापूर गड्डी. २०१९च्या ऑगस्टात, इकडे कोल्हापूर-सांगली पाण्याखाली असताना, तिथे शेकडो पर्यटक अडकले होते. बोटी आणि हेलिकॉप्टर लावून त्यांना बाहेर काढलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथली बेकायदा रिसॉर्टं पाडली गेली. मेसेज किती शिळा आहे ते यावरून ओळखा.

विठ्ठलदर्शनाचं वाचून तर हात टेकले. त्या मंदिराचा गाभारा रिकामा आहे. मूर्ती नाही, पूजा नाही. कृष्णदेवरायाने नेलेला विठोबा एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी पंढरीला परत आणला, ही कथा कीर्तनात ऐकून मान डोलावणारेच हा मेसेज पुढे पाठवतायत. दर्शनच हवं असेल तर विरूपाक्षाला जा, तिथे पूजा चालू आहे.

तिकीट बारा महिने लागतं. ४० रुपयांत विठ्ठल मंदिर, कमल महालाचं आवार आणि संग्रहालय एकाच दिवशी बघता येतं. १५ वर्षांखालच्या मुलांना माफ आहे, त्यावरून कुणीतरी ‘फुकट’ची पुडी सोडली असणार. खांबांना हात लावायला बंदी आहे. २०१९मध्ये एका मंदिराचा खांब ढकलून पाडणाऱ्या चौघांना प्रत्येकी ७०,००० रुपये दंड झाला, शिवाय खांब पुन्हा उभा करायला लावला. वाजवा आता.

बाकी, आभाळ भरलेलं असतं, मे महिन्यासारखे पाय भाजत नाहीत, गर्दी कमी असते, खोल्याही स्वस्त मिळतात. तेव्हा जायला माझी हरकत नाही. मुक्काम होसपेट किंवा कमलापूरला करा, नदीपलीकडची आनेगुंदी बघायचीच असेल तर बुक्कसागरच्या पुलावरून रस्त्याने वळसा घालून जा, आणि शुक्रवार संग्रहालयासाठी ठेवू नका, त्या दिवशी ते बंद असतं.