ऑथेंटिकेटर डिलीट करू नका, आणि तो क्यूआर ग्रुपवर तर मुळीच टाकू नका

‘ऑथेंटिकेटर ॲप ताबडतोब काढून टाका’ हा फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता तोवर मी गप्प होतो. आता तो मावशीपर्यंत पोचला आणि तिने फोन करून विचारलं, “काढून टाकू ना रे?” म्हणून हे लिहितोय. ऑथेंटिकेटर म्हणजे खात्यात शिरताना पासवर्डनंतर मागितला जाणारा, सतत बदलणारा कोड फोनवरच तयार करून दाखवणारं ॲप. फॉरवर्डचं म्हणणं असं: हे ॲप तुमचे पासवर्ड गूगलला पाठवतं, एसएमएसचा ओटीपी सरकारमान्य, म्हणून तोच सुरक्षित, फोन हरवला की खाती कायमची गेली, आणि ॲप ठेवायचंच असेल तर स्टोअरमध्ये सगळ्यात वर दिसेल ते घ्या, क्यूआर कोडचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा, ‘म्हणजे हरवणार नाही’.

शेवटापासून सुरुवात करतो. बाकीचं नुसतं अज्ञान आहे, हा मात्र घात आहे.

ॲप खात्याला जोडताना जो क्यूआर स्कॅन करायचा असतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. कोड कसा तयार होतो ते आरएफसी ६२३८ या २०११ च्या मानकात उघड लिहिलंय, कुणीही फुकट वाचावं. किल्ली घ्यायची, आत्ताची वेळ ३० सेकंदांच्या टप्प्यांत मोजायची, दोन्हींचं गणित करायचं आणि उत्तरातून बहुतेक ठिकाणी सहा आकडे काढायचे. तेच गणित पलीकडे सर्व्हर करतो आणि आकडे जुळले की तुम्हाला आत घेतो. म्हणजे किल्ली ज्याच्या हाती, त्याला तुमचा आजचा, उद्याचा, पुढच्या वर्षीचा प्रत्येक कोड घरबसल्या काढता येतो. असा क्यूआर ग्रुपवर टाकला की तो प्रत्येक भाच्याच्या, सुनेच्या फोनच्या गॅलरीत उतरतो, तिथून कुणाकुणाच्या क्लाउड बॅकअपमध्ये जातो, आणि त्यातला एखादा फोन उद्या दुरुस्तीच्या दुकानात पडलेला असतो. नंतर ग्रुपवरून मेसेज पुसलात तरी या सगळ्या प्रती पुसल्या जातील याची खात्री नाही. नुसता पासवर्ड बदलूनही किल्ली बदलेलच असं नाही. ज्यांनी टाकलाय त्यांनी आजच खात्यात जाऊन ऑथेंटिकेटर बंद करावा आणि नव्याने जोडावा. नवा क्यूआर मिळतो, जुना निकामी होतो.

पासवर्डच्या आरोपाचं उत्तरही त्याच मानकात आहे: त्या गणितात पासवर्ड येतच नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकून बघा, कोड बदलत राहतात. आणि जीमेलचा पासवर्ड गूगलपासून लपवून जीमेल उघडायचं कसं, हेही फॉरवर्डवाल्याने सांगून टाकावं.

एक गोष्ट मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करावी लागते. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये एप्रिल २०२३ मध्ये किल्ल्या गूगल खात्यात सिंक करायची, म्हणजे त्यांची प्रत तिथे ठेवायची सोय आली, तेव्हा ते सिंक एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्या कंपनीलाही वाचता येणार नाही असं कुलूपबंद, नसल्याचं मिस्क या नावाने काम करणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं. खटकत असेल तर सिंक बंद ठेवा. किंवा अँड्रॉइडवर एजिस हे ऑथेंटिकेटर ॲप वापरा: किल्ल्या फोनमध्येच राहतात आणि त्यांना पासवर्ड लावता येतो. अनेक फोनवर सिंक हवंच असेल तर एन्टे ऑथ हे ॲप आहे, तिथे ते एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतं.

‘वर दिसेल ते’ घेण्याबद्दल एवढंच: फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने लॉगिनचा कोड एसएमएसने मिळण्याची सोय फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवणार असं जाहीर केलं आणि लोक ऑथेंटिकेटर शोधत स्टोअरवर गेले. तिथे एकसारखी दिसणारी, वर्गणी उकळणारी ॲप्स वर झळकत होती. त्यातलं एक तर स्कॅन केलेला क्यूआर थेट बनवणाऱ्याकडे पाठवत होतं, हेही मिस्कनेच पकडलं. वर दिसणारं पहिलं नाव कित्येकदा जाहिरात असतं.

एसएमएस. बँक तो पाठवते, तर येऊ द्या, ते आपल्या हातात नाही. पण तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम कुणी काढलं तर ओटीपी त्याच्याकडे जातो. आणि ‘सरकारमान्य’चं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत, जे १ एप्रिल २०२६ पासून लागू होणार असं ठरलं, एसएमएसखेरीज इतर मार्गांनाही जागा आहे.

फोन हरवण्याची भीती खोटी नाही, पण त्यासाठीच बॅकअप कोड असतात: ॲप हाताशी नसताना त्याच्या कोडऐवजी वापरायचे, आधीच काढून ठेवलेले आकडे. गूगल असे दहा देतं. कागदावर छापून कपाटात पासबुकाशेजारी ठेवा, ग्रुपवर नको.

आता ज्यांनी फॉरवर्ड वाचून ॲप उडवलंच आहे त्यांच्यासाठी. ॲप गेलं तरी खातं कोड मागतच राहणार, आणि सिंक नसेल तर किल्लीही ॲपबरोबर गेली. कुठल्यातरी लॅपटॉपवर किंवा जुन्या फोनवर ते खातं अजून उघडं असेल. तिथून लॉगआउट करू नका. सेटिंग्जमधल्या सुरक्षा विभागात जा, आधी बॅकअप कोड काढता येतात का बघा, मग ऑथेंटिकेटर नव्याने जोडा.