एलिझाबेथच्या आतल्या दालनातल्या बायका: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या खासगी दालनातल्या स्त्रियांवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: या बायका राणीचे केस विंचरणाऱ्या, कपडे-दागिने सांभाळणाऱ्या होत्या; राज्य बर्ली आणि वॉल्सिंगहॅम यांच्यासारखे मंत्री चालवत होते. माझी साधनं म्हणजे परदेशी वकिलांच्या कानावर आलेली कुजबुज. स्पेनच्या आरमाराला तोंड देणाऱ्या राणीला मी बायकांच्या कोंडाळ्यात बसवून लहान केलं. आणि शेवटी, ज्या राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली तिच्या दासींशी मराठी वाचकाला काय देणंघेणं, असंही तुम्ही विचारलंत.

पहिली गोष्ट. या बायका प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे राणीच्या सल्लागार मंत्रिमंडळात, बसत नव्हत्या, हे खरंच आहे. पण सत्ता फक्त मंत्रिमंडळाच्या मेजाभोवती असते हे तुमचं गृहीतक मला त्या काळाला लागू पडत नाही असं वाटतं. तिथे राज्य म्हणजे राणीची मर्जी. नेमणूक, जमीन, मक्ता, माफी, युद्धावरून घरी यायची परवानगी, सगळं तिच्या होकारावर आणि सहीवर. मग ती कुठे भेटते, कधी भेटते आणि त्या वेळी तिचा मूड कसा आहे, हेच मोठं राजकारण होऊन बसतं.

राजवाड्यांची रचना पाहा. व्हाइटहॉल घ्या, ग्रीनिच घ्या, हॅम्प्टन कोर्ट घ्या, दालनांची ओळ साधारण तीच: आधी पहारेकऱ्यांचं दालन, मग सिंहासनाचं प्रेझेन्स चेंबर, त्याच्या आत प्रिव्ही चेंबर आणि त्याच्याही आत शयनगृह. सिंहासनाच्या दालनापर्यंत पुष्कळ दरबाऱ्यांना येता येई. त्यापुढचं दार मोजक्यांसाठी उघडे. एलिझाबेथचे वडील आठवे हेन्री यांच्या काळात आतल्या दालनात पुरुष असत, आणि त्यांच्यातला प्रमुख तर राजाच्या शौचाच्या वेळीही हजर असे. त्या माणसाचं दरबारात किती वजन होतं यावर आज कुणी वाद घालत नाही. 1553 मध्ये एलिझाबेथची सावत्र बहीण मेरी आणि 1558 मध्ये एलिझाबेथ गादीवर आली आणि आतल्या दालनातल्या बहुतेक जागा बायकांकडे गेल्या. त्यावरून काही इतिहासकारांनी निष्कर्ष काढला की आता त्या दालनातलं राजकारण संपलं. तुमचा आक्षेपही त्याच पायावर उभा आहे. जागा तीच, दार तेच, राणीशी जवळीक तीच; फक्त माणसं बदलली म्हणून वजन नाहीसं झालं, हे मला पटत नाही.

माझं राहू द्या, त्या काळच्या एका सरकारी माणसाला विचारू. रॉबर्ट बील हा प्रिव्ही कौन्सिलचा कारकून आणि वॉल्सिंगहॅमचा साडू. त्याने 1592 मध्ये राणीच्या सचिवासाठी कामकाजाचं एक टिपण लिहिलं. त्यात तो बजावतो की राणीसमोर जाण्याआधी तिचा मूड कसा आहे हे प्रिव्ही चेंबरमधल्या कुणाकडून तरी जाणून घ्या, आणि त्या मंडळींशी संबंध चांगले ठेवा, फार उपयोगी पडतील. राज्याचा सचिव कागद घेऊन आत जाण्याआधी आतल्या माणसांना विचारतो. हा सल्ला मुरलेल्या नोकराने नोकरीसाठीच लिहिलेला आहे. याला गप्पा कसं म्हणणार?

दुसरा साक्षीदार रोलंड व्हाइट. रॉबर्ट सिडनी हा नेदरलँड्समधल्या फ्लशिंगचा गव्हर्नर. त्याला इंग्लंडला यायची रजा हवी असे, बढती हवी असे. व्हाइट त्याचा लंडनमधला माणूस. त्याची 1595 पासूनची पत्रं आहेत, आणि त्यांत तो पुन्हापुन्हा वॉरिकच्या काउंटेसकडे आणि लेडी स्कुडामोरकडे खेटे घालताना दिसतो: आज राणीपाशी विषय काढता येईल का, पत्र कधी पुढे करू, नको म्हणाल्या तर पुन्हा कधी येऊ. गव्हर्नरची रजा राणीजवळ वावरणाऱ्या दोन बायकांच्या अंदाजावर लटकलेली आहे.

या लेडी स्कुडामोरची स्वतःची गोष्टही सांगण्यासारखी आहे. ती मेरी शेल्टन. 1574 मध्ये तिने राणीला न विचारता जॉन स्कुडामोरशी लग्न केलं. राणी इतकी भडकली की मारहाणीत मेरीचं बोट मोडलं, असं त्या काळच्या पत्रव्यवहारात आहे. पण मेरी आतल्या दालनात परतली आणि पुढे राणीच्या अगदी विश्वासातली झाली. व्हाइट दाराशी उभा राहायचा तो हिच्यासाठी. राणीशी असलेलं हे नातं प्रेमाचं होतं की धाकाचं, असा एकेरी प्रश्न मी विचारणार नाही. दोन्ही एकाच वेळी होतं.

लग्नांचा विषय तुम्ही ‘बायकी’ म्हणून बाजूला सारलात, म्हणून कॅथरीन ग्रेची आठवण करून देते. हेन्रीच्या मृत्युपत्राप्रमाणे एलिझाबेथनंतर गादीवर तिचा हक्क येत होता, आणि ती राणीच्या पदरी होती. 1560 च्या अखेरीस तिने हर्टफर्डच्या अर्लशी गुपचूप लग्न केलं. सप्टेंबर 1561 मध्ये तिला मुलगा झाला तो टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत. हा गादीच्या वारसाचा प्रश्न होता, आणि तो राणीच्या सख्यांच्या खोलीतून वर आला.

आता मेरी सिडनी, म्हणजे वरच्या रॉबर्ट सिडनीची आई आणि राणीच्या लाडक्या रॉबर्ट डडलीची बहीण. ऑक्टोबर 1562 मध्ये हॅम्प्टन कोर्टला राणीला देवी आल्या, मरणाच्या दारात होती. मेरीने तिची शुश्रूषा केली, तिलाही देवी आल्या आणि चेहरा कायमचा बिघडला. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्याआधीचं 1559 फार कुणी सांगत नाही. तेव्हा मेरी स्पॅनिश वकील द क्वाद्रा याला भेटली आणि ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक चार्ल्सने लगेच यावं, राणी लग्नाला तयार आहे, असं तिने सांगितलं. वकिलाने विश्वास ठेवला. काही आठवड्यांनी राणीने त्यालाच सांगितलं की कुणीतरी चांगल्या हेतूने पण आपल्या परवानगीविना बोललं असावं. मेरी दुखावली, आणि ते स्वाभाविकच होतं. मंत्र्याच्या तोंडून निरोप गेला असता तर शब्द मागे घेणं अवघड गेलं असतं. सखीच्या तोंडून गेला, म्हणून राणीला हात झटकता आले. ही परराष्ट्रनीती नाही तर काय आहे?

राणीने न सांगता या बायकांनी पाऊल उचललं की काय होई, तेही दिसतं. कॅट ॲशलीने एलिझाबेथला लहानपणापासून वाढवलं होतं. राजकन्येच्या भानगडींपायी 1549 मध्ये टॉवरची हवाही खाल्ली होती. 1559 मध्ये तिने गुडघे टेकून राणीला विनवलं की लग्न करा, डडलीबद्दल लोक काय बोलतात ते थांबवा. तेवढं चाललं. पण 1562 मध्ये तिने आणि आतल्या दालनातल्याच डोरोथी ब्रॉडबेल्टने स्वीडनच्या राजाच्या माणसाला विवाहाबाबत परस्पर पत्र पाठवलं, ते पकडलं गेलं, आणि कॅटला नजरकैदेत ठेवलं. पुढे ती सेवेत परत आली. बिनमहत्त्वाच्या बायकांची पत्रं कुणी अडवत नाही.

साधनांबद्दल. बील इंग्रज, व्हाइट इंग्रज. दर 1 जानेवारीला राणीला कुणी काय नजराणा दिला आणि परत किती चांदी मिळाली याच्या याद्या आहेत. ते हिशेब आहेत. बर्लीला तेव्हा ही पदवी मिळालेली नव्हती, तो नुसता विल्यम सेसिल होता; त्याने राणीच्या कपड्यांबद्दल आणि खाण्याबद्दल खबरदारीचं टिपण केलं होतं: परक्याकडून आलेले अत्तर लावलेले हातमोजे, खाद्यपदार्थ तपासल्याशिवाय राणीजवळ जाऊ देऊ नका, आणि जिथून धोबिणी, शिंपी ये-जा करतात त्या मागच्या दारांवर लक्ष ठेवा. तुमच्या म्हणण्याप्रमाणे राज्य चालवणारा तो हाच मंत्री. वकिलांच्या पत्रांबद्दल सांगायचं तर 1559 मध्ये स्पेनचा वकील फेरिया आपल्या राजाला, फिलिपला, कळवतो की माझे हेर खोटं बोलत नसतील तर हिला मुलं होणार नाहीत. बातमी खरी की खोटी हा प्रश्न वेगळा. ती मिळवण्यासाठी परकी सत्ता आतल्या दालनात हेर पेरते, एवढं मला पुरेसं आहे.

मी राणीला लहान केलं, हा आक्षेप मात्र मला लागला, कारण मला ती खरोखर मोठी वाटते. 1598 मध्ये पॉल हेंट्झनर नावाच्या जर्मन प्रवाशाने ग्रीनिचला राणीचं जेवण वाढताना पाहिलं. लाल पोशाखातले, पाठीवर सोन्याचं गुलाब असलेले पहारेकरी चोवीस पदार्थ आणतात. विषाच्या भीतीने एक स्त्री प्रत्येक पहारेकऱ्याला त्याने आणलेल्या ताटातला घास खायला लावते. कर्णे आणि नगारे वाजत असतात. राणी तिथे नाहीच. सगळा सोहळा रिकाम्या खुर्चीसमोर, आणि मग अविवाहित मानकरणी ते पदार्थ उचलून आत नेतात. केव्हा दिसायचं आणि केव्हा नाही हे तिने स्वतःच्या हातात ठेवलं होतं. पुरुषांच्या दरबारात अविवाहित बाईने चव्वेचाळीस वर्षं राज्य करायचं तर असं एक दार हवंच, आणि ते राखायला आपली माणसं हवीत. ब्लँच पॅरीने एलिझाबेथच्या पाळण्यापासून 1590 मध्ये मरेपर्यंत सेवा केली. शेवटी तर तिची दृष्टी गेली होती. हेरफर्डशायरमधल्या बॅक्टनच्या चर्चमध्ये तिने स्वतःसाठी स्मारक करवून घेतलं, त्यात ती राणीपुढे गुडघे टेकून आहे. तिथलं वेदीवरचं रुपेरी भरतकामाचं वस्त्र राणीच्याच पोशाखाचं असावं, असं अभ्यासक मानतात. इतक्या निष्ठेला मी कोंडाळं म्हणणार नाही.

ते दार मोडलं तर काय होतं, हे राणीचा लाडका सरदार एसेक्सचा अर्ल याला विचारा. 28 सप्टेंबर 1599 रोजी आयर्लंडची मोहीम परवानगीविना सोडून तो नॉनसच राजवाड्यात आला आणि चिखलाने माखलेल्या कपड्यांनिशी थेट शयनगृहात घुसला. राणीचा पोशाख झाला नव्हता, केस मोकळे होते. हेही व्हाइटनेच लिहून ठेवलं आहे. राणी तेव्हा सौम्य बोलली. पण त्या दिवसानंतर त्याला तिचं दर्शन पुन्हा कधी झालं नाही. कैद झाली, गोड मद्यावरच्या जकातीचा मक्ता गेला, फेब्रुवारी 1601 मध्ये त्याने बंड केलं आणि त्याच महिन्यात त्याचा शिरच्छेद झाला. आयर्लंडमधलं अपयश हे मोठं कारण होतंच. पण राणीपर्यंत पोचायची वाट बंद झाली नसती तर त्याला लंडनच्या रस्त्यावर उतरावं लागलं असतं का, याचा विचार करा.

मराठी वाचकाबद्दल. 31 डिसेंबर 1600 च्या सनदेचं महत्त्व मला ठाऊक आहे, म्हणूनच ती देणारा दरबार कसा चाले हे आपण जाणून घ्यावं असं वाटतं. त्याच्याही आधी, 1583 मध्ये अकबरासाठी राणीची पत्रं घेऊन निघालेले इंग्रज व्यापारी न्यूबेरी आणि फिच होर्मुझला पोर्तुगीजांच्या हाती सापडले आणि गोव्यात कैदेत पडले. आपला किनारा या गोष्टीत तेव्हापासून आहे.

बर्लीच्या कागदांतून तुम्हाला माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा एखादा प्रसंग दाखवता आला तर इथेच लिहा, मी त्यावर स्वतंत्र लेख करीन. पुढचा लेख वॉरिकच्या काउंटेसवर आहे. त्यात व्हाइटची पत्रं अधिक सविस्तर घेणार आहे.