‘६८ अंशांना थर धातू होतो’: हा आकडा थराचा नव्हे

व्हॅनेडियम डायऑक्साइडबद्दल एक विधान सगळीकडे फिरते: याचा पातळ थर कोणत्याही काचेवर चढवा, ६८ अंश सेल्सिअसला तो क्षणात धातू होतो, म्हणजे धातूसारखी वीज वाहू लागतो, आणि रोध लाखपटीने कोसळतो. यातले आकडे खोटे नाहीत. ते उत्तम एकस्फटिकाचे, म्हणजे सलग एकाच स्फटिकाच्या तुकड्याचे आहेत, थराला उगाच चिकटवलेले.

लाखपट? सफायरवर (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या स्फटिकावर) नीट वाढवलेल्या थरात दहा हजारपटीच्या आसपास घट मिळते, साध्या काचेवर बहुधा शंभर ते हजारपट. काचेला स्फटिकजाळी (अणूंची नियमित मांडणी) नसल्याने कण हव्या त्या दिशेने वाढतात आणि त्यांच्या सीमांवरचा रोध धातू अवस्थेतही उरतो.

त्यात मापनाचा घोळ. चौरस नमुन्याचा रोध थंड असताना ३ लाख ओहम आणि तापल्यावर ३० ओहम असेल, तर गुणोत्तर दहा हजार. हेच दोन प्रोबनी (मोजणीच्या टोकांनी) मोजले आणि संपर्कांचे ३०० ओहम त्यात मिसळले, तर खालचा आकडा ३३० होतो आणि गुणोत्तर ९१० वर येते. म्हणून चार प्रोब हवेत: दोन प्रवाहासाठी, दोन व्होल्टेज मोजायला, म्हणजे संपर्कांचा रोध मिसळत नाही. प्रवाह काही मायक्रोअँपिअरच ठेवावा, नाहीतर थर स्वतःच्याच उष्णतेने तापतो. तापमापक हीटरवर नको, नमुन्याशेजारी हवा.

‘६८ अंशांना’ म्हणजे तापवताना की थंड करताना? थरात या दोन वाटांमध्ये ५ ते १० अंशांचे अंतर सहज पडते, काचेवर त्याहून जास्तही. टायटॅनियम डायऑक्साइडच्या (००१) पृष्ठावर (स्फटिकाच्या एका ठरावीक दिशेच्या पृष्ठावर) वाढवलेल्या थरात ताणामुळे संक्रमण, म्हणजे धातू होण्याचा बदल, जवळजवळ खोलीच्या तापमानापर्यंत उतरते. थरात मिसळलेल्या टंगस्टनच्या दर एक अणुटक्क्यामागे (शंभर अणूंत एक) संक्रमणाचे तापमान सुमारे २० अंशांनी घटते, पण रोधाची उडीही लहान होते. जाहिरातींत हा दुसरा भाग कधी नसतो.

‘क्षणात’ हेही थर सावकाश तापवताना लागू नाही. आधी धातूची सूक्ष्म बेटे उगवतात. ती जोडली जाऊन सलग वाट तयार झाली की रोध घसरतो. म्हणून वक्र उतरता दिसतो, उभा कडा नव्हे.

आणि ‘कोणतीही काच’? सोडा-लाइम काचेतला सोडियम तापल्यावर थरात शिरतो, म्हणून मध्ये सिलिकाचा अडसर लागतो. ऑक्सिजनचा दाबही नेमका हवा. तो जास्त झाला तर व्हॅनेडियम पेंटॉक्साइड बनते, ज्यात ही उडी नाही. कमी पडला तर व्हॅनेडियम सेस्क्विऑक्साइड, ज्याचे संक्रमण शून्याखाली शंभर अंशांच्याही पलीकडे होते.


राहिला ‘धातू’ हा शब्द. तांब्याची रोधकता १.७ मायक्रो-ओहम-सेंटिमीटर; तापलेल्या या थराची काहीशे. तारेऐवजी तो वापरता येणार नाही.